वाट आणि उंबरठा

तीर्थास येणाऱ्या मनुष्याची पारख करावी काय? आणि करावयाचीच तर ती कोणी करावी? वाटेवर करावी, की देवाच्या दारात?

हा प्रश्न पोथीतला नव्हे. आषाढीच्या वाटेवर हरिपाठ झाला, पंगत उठली, राहुटीत पाठ टेकायची वेळ झाली, की तो हटकून निघतो. कोणी म्हणतो, "आम्ही अठरा-वीस दिवस चिखल तुडवीत आलो, आणि काल मोटारीने आलेला दर्शनबारीत आमच्या पुढे कसा?" दुसरा म्हणतो, "गळ्यात माळ नाही, मुखात नाम नाही, नुसते फोटो काढायला येतात. अशांना कशापायी येऊ द्यायचं?" एखादा म्हातारा माळकरी हलकेच म्हणतो, "बाबांनो, आपण कोण अडवणारे?" मग सगळे गप्प होतात. गप्प होतात खरे, पण प्रश्न सुटलेला नसतो. पुढच्या मुक्कामी तो पुन्हा उभा राहतो.

या प्रश्नाकडे आज आम्ही थोडे दुरून पाहणार आहोत. आपल्या घरचा उंबरठा रोज ओलांडून ओलांडून दिसेनासा होतो. परक्या घरी गेले म्हणजे पायाला लागतो आणि मग कळते, की येथे उंबरठा आहे. म्हणून वाचकांना आम्ही जपान देशातील एका तीर्थाची हकीकत सांगतो. तेथील देव निराळे, भाषा निराळी. पण वाटेने चालणारा यात्रेकरू मात्र आपल्या ओळखीचा आहे.

जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या दक्षिण अंगास किई नावाचे मोठे द्वीपकल्प आहे. सारा मुलूख डोंगराळ. आपल्या कोकणात सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये थोडी तरी सखल पट्टी आहे. तेथे कित्येक ठिकाणी डोंगराचा पाय थेट समुद्रात. दक्षिणेकडून येणारे ओले वारे त्या डोंगरांना अडतात आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या पावसावर जगणाऱ्या घनदाट रानात, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, एक धबधबा आहे. त्याचे नाव नाची. हे नाव जपानी आहे, आपल्या नाचण्याशी त्याचा संबंध नाही. तरी त्या कड्यावरून उतरणारे पाणी पाहून एखादा वारकरी तसे समजला, तर त्याला कोण हसणार?

हा धबधबा १३३ मीटर उंच, म्हणजे सव्वाचारशे फुटांच्याही वर. माथ्यावर त्याची रुंदी १३ मीटर आहे. तेथे खडकाला खाचा असल्याने पाणी तीन धारांनी निघते आणि खाली येता येता एक होते. माथ्यावर कड्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत गवताचा पवित्र दोर ताणलेला असतो. जुलैत आणि डिसेंबरात, असा वर्षातून दोनदा तो नवा करतात. जपानात असा दोर दिसला म्हणजे समजावे, की येथे देवाची हद्द सुरू झाली.

आता मुख्य गोष्ट ऐका. धबधब्याच्या पायथ्याशी जे देवस्थान आहे त्यास गाभारा नाही. मंडप नाही, मूर्ती नाही, कवाड नाही. यात्रेकरू दगडी पायऱ्या उतरून खाली येतो, एका साध्या कमानीपाशी उभा राहतो, वाकतो, टाळी वाजवतो आणि हात जोडतो. समोर पाणी पडत असते. ते पाणीच देव. वर डोंगराच्या अंगावर नाचीचे मोठे मंदिर आहे, त्याला लागूनच अवलोकितेश्वराचे बौद्ध मंदिर आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी जे आहे त्याला दार नाही. ज्याला दार नाही त्याला द्वारपाळ तरी कोठला?

देवाला दार नसेल, तर अयोग्य मनुष्याला थांबवणार कोण? भाविक माणसाला ही शंका सहज येईल. नाचीच्या बाबतीत तिचे उत्तर असे देतात, की तेथे दाराचे काम वाट करते. म्हणून आता त्या वाटेची माहिती घेऊ.

नाची एकटे नाही. कुमानो नावाच्या मुलखात तीन मोठी देवस्थाने आहेत. होंगू आत डोंगरात, शिंगू कुमानो नदीच्या मुखाजवळ, आणि नाची धबधब्यापाशी. जुनी राजधानी क्योतो. तेथून निघालेले यात्रेकरू समुद्रकाठाने दक्षिणेस येत, तानाबे गावापाशी डोंगरात शिरत आणि चढउतार करीत होंगूला पोचत. तेथून नावेने नदी उतरून शिंगू. मग किनाऱ्याने नाचीची पुळण, आणि तेथून वर धबधबा. जाऊन येऊन महिनाभर लागे. वाटेवर लहान लहान देवळे असत. त्यांना ओजी म्हणतात. ती नव्याण्णव आहेत असे म्हणण्याचा प्रघात. त्याचा अर्थ एवढाच, की पुष्कळ आहेत. प्रत्येक ओजीपाशी थांबायचे, नमस्कार करायचा, पुढे निघायचे. आपल्या विसाव्यांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

शेवटच्या टप्प्यावर दाइमोन नावाची चढण लागते. सुमारे सहाशे मीटर लांबीच्या या वाटेवर २६७ दगडी पायऱ्या आहेत आणि दोन्ही बाजूंस शेकडो वर्षांचे सुगीचे वृक्ष उभे आहेत. ‘सुगी’ म्हणजे तिकडचा देवदारासारखा उंच वृक्ष. नाचीहून डोंगरातूनच होंगूला परतणारी वाट याहून बिकट आहे. तिच्या पहिल्या दिवसाचा टप्पा साडेचौदा किलोमीटरांचा. त्यातील एका चढणीच्या नावाचा अर्थच मुळी ‘धड तोडणारी’ असा. वर एक खिंड आहे, तेथून मागे वळून पाहिले तर खाली समुद्र दिसतो. तिला ‘बोटी दिसण्याची खिंड’ म्हणतात. आणि लोक असेही सांगतात, की या वाटेवर आपली मेलेली माणसे समोरून चालत येताना भेटतात.

या वाटेने प्रथम राजेलोक गेले. सन १०९० मध्ये राज्यत्याग केलेला सम्राट शिराकावा कुमानोस गेला आणि मग राजघराण्यात या यात्रेचा परिपाठच पडला. गो-तोबा नावाचा सम्राट तर २८ वेळा गेला. मागोमाग योद्धे गेले, मग शेतकरी, व्यापारी, बायाबापड्या. डोंगरातून जाणारी ती रांग पाहून लोकांनी तिला नाव दिले, ‘मुंग्यांची कुमानो यात्रा’. मुंगी राजाची की रंकाची, हे लांबून पाहणाऱ्यास कसे कळावे? दिवे घाटाच्या पायथ्याशी उभे राहून ज्याने वर चढणारी दिंड्यांची रांग पाहिली आहे, त्याला हे नाव समजावून सांगायला नको.

या तीर्थाचा लौकिक असा, की येथे येणाऱ्यास जात, पत, शुद्ध, अशुद्ध, स्त्री, पुरुष असे काही विचारीत नसत. हे कसे ठरले, यासंबंधी दोन कथा सांगतात. दोन्ही आपण लक्षपूर्वक ऐकण्याजोग्या आहेत.

पहिली कथा इझुमी शिकिबू या कवयित्रीची. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेली ही थोर बाई कुमानोच्या यात्रेस निघाली. होंगूच्या अलीकडे एक जागा आहे, जेथून देवस्थान प्रथम नजरेस पडते आणि यात्रेकरू जागच्या जागी लोटांगण घालतो. वेळापूरजवळ माउलींच्या सोहळ्यात ‘धावा’ होतो ना, तशीच ती जागा. तेथे उंचवट्यावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असे आपण सांगतो. तर इझुमी शिकिबू त्या ठिकाणी पोचली आणि नेमकी तेथेच तिला मासिक विटाळ आला. इतके डोंगर ओलांडले आणि देव समोर दिसत असता पाऊल अडले. तिने आपले दुःख एका कवितेत मांडले आणि ती तशीच निजली. त्या रात्री कुमानोचा देव तिच्या स्वप्नात आला आणि त्याने कवितेतच उत्तर दिले. त्याचा भाव असा, की जो देव जगाच्या धुळीत मिसळून राहतो त्याला तुझ्या या धुळीचा कसला अडथळा? सकाळी उठून ती दर्शनास गेली.

आपल्या सोयराबाईंनी विटाळाविषयी अभंगातून जो प्रश्न विचारला तो मराठी मनुष्याला ठाऊक आहे. देह ज्यातून घडला त्यालाच अपवित्र म्हणायचे, तर पवित्र देह उरतो कोठला? दोन देशांतल्या दोन बाया. एकीला दुसरीचे नावही ठाऊक नाही. पण दोघी एकाच दारात अडल्या आणि दोघींनी दाराला नव्हे, देवालाच विचारले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच किई डोंगरातली सगळीच तीर्थे काही अशी उदार नव्हती. कोया पर्वतावर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत स्त्रियांना जाऊ देत नसत. ओमिने पर्वतराजीतील सांजोगाताके या शिखरावर तर आजही स्त्रियांना मज्जाव आहे. सन २००४ मध्ये युनेस्कोने ही देवस्थाने आणि त्यांना जोडणाऱ्या यात्रेच्या वाटा मिळून एकच जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. म्हणजे एकाच वारशात वेशीवर थांबवणारा डोंगर आहे आणि कोणालाही न विचारणारे पाणीही आहे. दोघांनाही लोक पवित्रच म्हणतात. तेव्हा अडवल्याशिवाय पावित्र्य टिकत नाही, हे म्हणणे निदान नाचीने खोटे ठरवले आहे.

दुसरी कथा इप्पेन या साधूची आहे. ती सन १२७४ मधली. आपल्या ज्ञानेश्वर माउलींचा जन्म १२७५ सालचा मानतात, हे ध्यानात घ्यावे. तिकडे इप्पेन डोंगर चढत होता आणि इकडे आपेगावात माउली यावयाची होती. इप्पेनचे व्रत असे, की अमिताभ बुद्धाचे नाम लिहिलेली चिठ्ठी वाटेत भेटेल त्याला द्यायची आणि सांगायचे, की श्रद्धेने एकवार नाम घे, तुझे कल्याण होईल. कुमानोच्या वाटेवर त्याला एक भिक्षू भेटला. इप्पेनने चिठ्ठी पुढे केली. भिक्षू म्हणाला, माझ्या मनात श्रद्धा उपजत नाही. नसता चिठ्ठी घेतली तर ते खोटे होईल. भोवती आणखी यात्रेकरू जमले होते. याने नाकारली तर तेही नाकारतील, या विचाराने इप्पेन म्हणाला, श्रद्धा नसली तरी राहू दे, घे. भिक्षूने घेतली, पण इप्पेनच्या मनात सल राहिला. आपण केले ते बरोबर की चूक? श्रद्धा नसलेल्याच्या हाती नाम द्यावे काय?

होंगूला पोचल्यावर त्याने देवापुढे हाच प्रश्न ठेवला. तेव्हा देवाने दर्शन देऊन सांगितले, अशी कथा आहे, की लोक तरतात ते तुझ्या उपदेशाने नव्हे, ते आधीच ठरलेले आहे. तू श्रद्धावान आणि अश्रद्ध, शुद्ध आणि अशुद्ध अशी निवड करू नकोस, चिठ्ठ्या वाटीत जा. इप्पेनचे डोळे उघडले. पुढे तो गावोगाव हिंडला आणि तो व त्याचे सोबती नाम घेता घेता नाचू लागले. त्याच्या चरित्राची चित्रमालिका सन १२९९ मध्ये पुरी झाली. तीत नाचीचा धबधबाही रंगवलेला आहे.

नाम घेत नाचणारी माणसे, निवड न करणारे नाम, आणि सगळ्यांना चालणारी वाट! एका शतकात, एकमेकांचा काडीचाही परिचय नसताना, चंद्रभागेच्या वाळवंटात आणि त्या डोंगरात हे घडले. आम्ही यातून कोणताही चमत्कार काढू इच्छीत नाही. इतकेच म्हणतो, की माणसाची भूक सगळीकडे सारखी आहे.

आता प्रामाणिक शंकेकडे वळू. कोणी म्हणेल, "हे सगळं ठीक आहे. दार नको, वाट पुरे. खडतर वाट चालून येणारा आपोआप शुद्ध होतो, म्हणून दाराशी पारख नको, असंच ना? मग जो चाललाच नाही त्याचं काय? आणि चालून सगळेच सुधारतात, हे तरी कशावरून?"

शंका खरी आहे. आणि तिला पुष्टी देणारी गोष्ट नाचीच्याच धबधब्याखाली घडल्याचे सांगतात. मोंगाकू नावाचा एक साधू होता. पूर्वाश्रमी तो योद्धा. त्याने ऐन हिवाळ्यात नाचीच्या धारेखाली एकवीस दिवस उभे राहण्याचा नेम केला. बर्फासारखे पाणी आणि एवढ्या उंचीवरून पडणारा मारा. चार-पाच दिवसांतच तो बेशुद्ध होऊन वाहून गेला. लोकांनी ओढून काढले, तर शुद्धीवर येताच पुन्हा जाऊन उभा राहिला. मरणाच्या दारी पोचला तेव्हा देवाच्या सेवकांनी येऊन त्याला उबवले, असे हेइके या जपानी वीरकथेत वर्णन आहे. नेम पुरा झाला. यापेक्षा कठीण तप ते कोणते? पण त्याच कथेत पुढे काय आहे पाहा. हाच मोंगाकू मंदिराच्या वर्गणीसाठी राजवाड्यात घुसतो, आरडाओरडा करतो, हातघाईवर येतो, हद्दपार होतो आणि तिकडे जाऊन एका सरदाराला बंडास चिथावतो. पाण्याने अंग गोठले. आतला ताठा काही विरघळला नाही.

तेव्हा नुसत्या कष्टाने माणूस घडत नाही, हे मान्य केले पाहिजे. मी इतके सोसले, या जाणिवेतून एक नवाच उंबरठा तयार होतो. तो लाकडाचा नसतो, म्हणून दिसत नाही. "आम्ही पायी आलो, तुम्ही मोटारीने आलात" या वाक्यात तोच असतो. देवाच्या दारावरचा द्वारपाळ निघून गेला, तर आपणच काठी घेऊन तेथे उभे राहायचे, याला काय म्हणावे?

मग वाट घडवते ती कोणाला? याचे उत्तर कुमानोच्याच आणखी एका कथेत आम्हांस सापडते. ओगुरी नावाचा एक वीर विषप्रयोगाने मारला गेला. यमलोकाच्या राजाने त्याला परत पाठवले खरे, पण जो परतला तो नुसता सापळा. दिसेना, ऐकू येईना, बोलता येईना. कुमानोच्या युनोमिने या गरम झऱ्यात न्हाऊ घातले तर तो बरा होईल, असे कळले. पण नेणार कोण? त्याला एका लाकडी गाड्यावर घातले आणि गळ्यात पाटी अडकवली. हा गाडा जो एकदा ओढील त्याला हजार भिक्षूंना जेवू घातल्याचे पुण्य, दोनदा ओढील त्याला दहा हजारांना घातल्याचे. मग कोणी एक कोस ओढला, कोणी दोन कोस. एकाने सोडला की दुसऱ्याने धरला. ओढणाऱ्यांना तो कोण हे ठाऊक नव्हते. त्यांत त्याची स्वतःची बायकोही होती. तिनेसुद्धा त्याला ओळखले नाही आणि तरी ओढले. असा हाताहाती तो डोंगरात पोचला, झऱ्यात न्हाला आणि पुन्हा माणूस झाला.

या दोन कथा शेजारी ठेवा. मोंगाकू धारेखाली एकटा उभा होता. ओगुरी एक पाऊलही चालला नाही. तप पाहू गेल्यास मोंगाकू मोठा. पण वाटेचा धर्म कळला तो गाडा ओढणाऱ्या त्या बिननावाच्या लोकांना. त्यांनी गाड्यावरच्या माणसाची पारख केली नाही. हा योग्य आहे काय, याने पूर्वी काय केले, याच्या मनात श्रद्धा आहे काय, हे विचारीत बसले असते तर गाडा पहिल्याच गावाच्या वेशीवर कुजला असता. वाट माणसाला घडवते ती एवढ्यासाठी, की वाटेवर शेजारचा दमतो, पडतो, तहानेला होतो, आणि आपल्याला हात पुढे करावा लागतो. हात पुढे केला तर चालणे साधना होते. न केला तर पाय दुखतात, एवढेच.

वाटेविषयी आणखी एक गोष्ट. एवढ्या पावसाच्या मुलखात मातीची वाट टिकत नाही. दर पावसाळ्यात ती धुपते, मुळे उघडी पडतात, खळगे होतात. म्हणूनच पूर्वजांनी कित्येक ठिकाणी दगड बसवले. आजही कुमानोच्या वाटांवर हौशी मंडळी ठरवून येतात, पिशव्यांतून माती वर नेतात, खळग्यांत टाकतात आणि धुमसून बसवतात. सप्टेंबर २०११ मध्ये तुफानी पावसाने या भागात भयंकर पूर आला, नाचीच्या खोऱ्यात माणसे दगावली, धबधब्याच्या परिसराचीही मोडतोड झाली. ज्या पाण्याला हात जोडायचे त्याच पाण्याने हा घात केला. त्यानंतरही लोकांनी दगड पुन्हा रचले, वाट मोकळी केली. जो आपल्यामागून येणार, ज्याचे नाव-गाव आपल्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी घमेलेभर माती टाकणे, ही सुद्धा यात्राच होय.

आता मोटारीचे. नाचीलाही आज मोटार जाते. कात्सुउरा या किनाऱ्यावरच्या स्टेशनात उतरले की बस मिळते आणि अर्ध्या तासात यात्रेकरू धबधब्याच्या पायऱ्यांशी येतो. अगदी जवळच्या चौथऱ्यावर जायचे तर थोडे पैसेही पडतात. दाइमोनची चढण चढून आलेला आणि बसमधून उतरलेला असे दोघेही त्या कमानीपाशी शेजारी शेजारी उभे राहतात. एकाचा श्वास फुललेला असतो, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा असतो. पाण्याचे तुषार दोघांच्याही अंगावर सारखेच उडतात. चालून आलेल्याला जास्त मिळाले काय? मिळाले असेल. पण जे मिळाले ते वाटेवरच मिळाले, त्याची भरपाई धबधब्याने पुन्हा कशाला करावी? हे ज्याला उमगले तो बसमधून उतरलेल्याकडे रागाने पाहणार नाही. उलट त्याच्या मनात येईल, की या बिचाऱ्याची केवढी मौज हुकली!

आणि बसमधून उतरलेला तो कोण, हे तरी आपल्याला कोठे ठाऊक आहे? कदाचित त्याचे गुडघे गेले असतील. कदाचित घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असेल आणि एकाच दिवसाची सुटी मिळाली असेल. कदाचित तो खरोखरच फोटो काढायला आला असेल; पण इप्पेनच्या हातून चिठ्ठी घेणाऱ्या भिक्षूलाही श्रद्धा कोठे होती?

आता आपल्या घरी परत येऊ. पंढरीच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले, ते १३३८ साली, असे मानतात. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून तेथे समाधी बांधली. ज्यांना जन्मभर आत जाऊ दिले नाही ते देहपातानंतरही दारातच राहिले. वाळवंटात त्यांना संतांनी मिठी मारली होती, कीर्तनात त्यांचे अभंग गाइले जात होते. म्हणजे वाटेने त्यांना केव्हाच आपले म्हटले होते. अडवले ते उंबरठ्याने. त्या उंबरठ्यासाठी साने गुरुजींना १ मे ते १० मे १९४७ असे दहा दिवस पंढरीत उपोषण करावे लागले, तेव्हा कोठे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना मंदिर खुले झाले. चोखोबांपासून मोजले तर सहाशेहून अधिक वर्षे. या सहा शतकांत पारख करणाऱ्यांनी देवाचे काय राखले, हे आपण आपल्या मनाला विचारावे. देव तर कर कटेवर ठेवून उभाच होता.

आज तो उंबरठा गेला. पण पारख करण्याची खोड जाण्यास वेळ लागतो. ती जातीवरून चालण्यावर येते, चालण्यावरून माळेवर, माळेवरून कपड्यांवर, कपड्यांवरून हातातल्या फोनवर. शिस्त नको असे आमचे म्हणणे नाही. दिंडीत चोपदार हवा, दर्शनबारी हवी, गर्दीत चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून दोर बांधावा लागतो. वाटेत कचरा करणाऱ्यास, बायामाणसांना त्रास देणाऱ्यास दटावलेच पाहिजे; ते वागणुकीचे बंधन आहे, ते माळकऱ्यालाही लागू आहे. परंतु याला देवाजवळ जाण्याचा अधिकार आहे की नाही, हा विचार शिस्तीचा नव्हे. तो आपल्या ताठ्याचा आहे. दोन्हींत गल्लत करू नये.

याविषयी आपल्या संप्रदायाने फार जुन्या काळी एक सोपी तोड काढून ठेवली आहे. लाखो वारकरी पंढरीस येतात, चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा करतात आणि कित्येकजण गर्दीमुळे कळसाचेच दर्शन घेऊन माघारी फिरतात. आत जाता आले नाही म्हणून त्यांची वारी अपुरी राहिली, असे कोणी म्हणत नाही. म्हणजे वारकऱ्याने दाराचे महत्त्व आधीच कमी करून ठेवले आहे. त्या नाचीच्या यात्रेकरूला जसे उघड्यावर पाणी दिसते, तसा याला उघड्यावर कळस दिसतो.

आणि दुसरी तोड त्याहून मोठी. वारीत दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. म्हातारा पोराच्या पडतो, शिकलेला अडाण्याच्या पडतो, सावकार मजुराच्या पडतो. आधी नाव विचारावे, गाव विचारावे, किती वर्षांचा वारकरी ते विचारावे आणि मग वाकावे, अशी रीत नाही. आधी वाकायचे. ओळख मागाहून निघाली तर निघाली. ज्याच्या पायाला आपला हात लागला त्याची पारख करायला मान वर कोठून यावी?

तेव्हा वारकरी बंधुभगिनींनो, पारख सोडा असे आम्ही सांगत नाही. पारख करावी, पण ती स्वतःची करावी. रोज मुक्कामी पोचल्यावर ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे: आज माझ्या शेजारी जो चालत होता तो दमला तेव्हा त्याचे ओझे मी घेतले काय? पाण्याचा टँकर आला तेव्हा मागच्या म्हातारीला पुढे केले काय? मोटारीतून उतरून वाट विचारणाऱ्याला नीट सांगितले, की कुत्सितपणे हसलो? याची उत्तरे बरी आली तर चालणे कारणी लागले. आणि उद्या दर्शनबारीत कोणी नवखा, माळ नसलेला, काय करावे हे न कळून उभा दिसला, तर त्याला हात धरून आपल्या पुढे घ्यावे.